चौदाव्या पानावरची पेन्सिल

माझ्यासारख्यानं काही लिहावं आणि तुम्ही वेळ काढून ते वाचावं, हे मागणंच मुळात आगाऊपणाचं आहे. आधीच माफी मागतो. आमच्या घरात लिहिणारा मी पहिलाच. माझ्या आधीच्या माणसांनी खुणा केल्या त्या मेंढ्यांच्या पाठीवर, गेरूनं. प्रत्येक घराची खूण वेगळी. कळप एकमेकांत मिसळले तरी कुणाची मेंढी कुणाची, हे त्या खुणेवरून कळतं. दुसऱ्याची खूण आपण करायची नसते. हे मला चालता येत नव्हतं तेव्हापासून ठाऊक आहे.

म्हणजे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

जे सांगणार आहे ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, आबांना नाही, खोलीत शेजारी झोपणाऱ्या मित्राला नाही. दोन वर्षं झाली. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सोपं जाईल, असं वाटलं होतं. पण नाही जात.

माझं घर मार्गासनीच्या वरच्या अंगाला, आठ उंबऱ्यांच्या धनगरवाड्यावर. भोरच्या कॉलेजात संगणक शास्त्राला आलो तेव्हा संगणकाला हात लावायचीही भीती वाटायची. पहिल्या वर्षी एकदा सरांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि सगळे हसले म्हणून मीही हसलो—आपल्यालाच विचारलंय हे न कळता. तेव्हापासून एक सवय लागली. न कळलेलं कळल्यासारखं दाखवायचं. मान हलवायची. ही सवय बारीक वाटते, नाही का? पुढचं सगळं तिथून आलं.

दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा आमच्या सरांच्या डोक्यात एक गोष्ट आली. वेल्ह्याकडच्या दहा शाळांना कुणीतरी जुने संगणक दिले होते. नव्या प्रणाली त्यांना झेपत नव्हत्या. सर म्हणाले, एक मोफत ऑपरेटिंग सिस्टीम आहे. ती तयार आणून चढवण्यापेक्षा तिच्या सोर्स कोडपासून, मूळ लिखाणापासून, आपण स्वतःच बांधायची. तयार घोंगडी बाजारातून आणणं वेगळं आणि लोकर कातरून, पिंजून, सूत काढून ती विणणं वेगळं—तसंच हे. दिवस जातात, पण एकदा विणली की तिचा धागा न्‌ धागा माहीत होतो. शाळेतल्या कुणी हे एकदा केलं तर संगणक बिघडला म्हणून तालुक्याला धावायला नको. अडचण एकच होती. ते कसं करायचं याच्या सूचना सगळ्या इंग्रजीत, आणि शाळांमधली माणसं इंग्रजीला माझ्याइतकीच भिणारी.

"नामदेव, तुझं मराठी चांगलं आहे," सर म्हणाले. "शब्दाला शब्द नको. वाचणाऱ्याला कळेल असं लिही."

त्या वाक्यानं मला काय झालं, हे कसं सांगू? माझं काहीतरी चांगलं आहे, असं त्या इमारतीत पहिल्यांदाच कुणी म्हणालं होतं.

मी जीव तोडून लिहिलं. खोटं नाही बोलत. एकेक सूचना आधी लॅबमधल्या संगणकावर करून बघायची, मग लिहायची. डिस्क म्हणजे शेत, असं लिहिलं. तिचे भाग म्हणजे भाताची खाचरं. फॉरमॅट करणं म्हणजे खाचर नांगरून कोरं करणं. आत जे उभं असेल ते गेलं. कॅन्टीनमध्ये पोरं हाका मारायची, "ओ लेखकराव, आमच्या चहाचंबी भाषांतर करा की!" मी लाजायचो, आणि मला ते फार आवडायचं.

आता चौदाव्या पानाकडे येतो.

मूळ इंग्रजीत या पानावर एक रिकामी जागा होती. तुमच्या डिस्कचं नाव इथं घाला, अशी. पुढं कितीतरी ठिकाणी तीच रिकामी जागा. आणि तिच्या खाली एक लांबलचक वाक्य होतं—जर, तर, अन्यथा, असं तीन वेळा वळणारं. मी ते वाक्य पाच वेळा वाचलं. कळलं नाही. सरांची खोली वीस पावलांवर होती. गेलो नाही. "हे वाक्य कळलं नाही" म्हणायला गेलो असतो तर मराठी चांगलं असण्याचा उपयोग काय राहिला असता?

पुस्तिका अर्धी झाली तेव्हा सुट्टीत घरी वाचून दाखवली. आबा, म्हणजे माझे वडील, चौथी शिकलेले. खाचराचं ऐकून खूश झाले. मग म्हणाले, "लई बेस लिवलंयस. पर ह्ये 'तुमचं आसंल ते घाला, आसंल ते घाला' काय लावलंय? वाट सांगणाऱ्यानं वाट सांगावी. आसंल-नसंल केलं तर पाव्हणा रानातच ऱ्हायचा."

आमच्याकडं वाट अशीच सांगतात. सांगणारा आपल्या अंगणात उभा राहतो आणि हात करतो—हितनं उतरा, डाव्या अंगानं ओढा धरा. विचारणाराही त्याच अंगणात उभा असतो, म्हणून ती वाट बरोबर निघते. पण पुस्तक वाचणारा माझ्या अंगणात उभा नसतो. एवढं साधं मला कळू नये? आबांवर ढकलत नाही. ते कागदावरची वाट सांगत नव्हते. मी सांगत होतो.

माझ्या लॅबमधल्या संगणकात दोन डिस्क होत्या. पहिलीवर चालू काम, दुसरी कोरी. मी सगळ्या रिकाम्या जागी लिहून टाकलं—दुसरी डिस्क. तिला संगणक ज्या नावानं ओळखतो ते नावही आयतं छापून टाकलं. आणि न कळलेलं ते लांब वाक्य सरळ गाळलं. पान सुटसुटीत दिसायला लागलं. मला समाधान वाटलं.

त्या वाक्यात लिहिलं होतं: खात्री नसेल तर इथं थांबा, कारण या पायरीनंतर मागं फिरता येत नाही.

पुस्तिकेच्या दहा प्रती शाळांना गेल्या. अकरावी सरांच्या कपाटात, बारावी मी घरी नेली. मुखपृष्ठावर माझं नाव. आबांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत, घराच्या कागदांसोबत ठेवली. वाड्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवली गेली—गुरांच्या डॉक्टरांनासुद्धा.

काम सगळ्यात आधी सुरू केलं संध्याताईंनी.

संध्याताई उत्रोलीच्या. वेल्ह्याच्या वाटेवरच्या एका शाळेत संगणक खोली सांभाळायला करारावर होत्या. दोन गाड्या बदलून रोज यायच्या. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या; मी एकदा कॉलेजतर्फे त्या शाळेत गेलो तेव्हा मला डब्यातली अर्धी भाकरी काढून दिली होती. त्यांची एक रीत होती. कुठलंही काम कागद पुढं ठेवून करायचं, आणि पायरी झाली की तिच्यापुढं पेन्सिलीनं बारीक गोल काढून त्यात टिंब द्यायचं. झाली, आणि तपासली—असं.

त्या शाळेच्या संगणकात तीन डिस्क होत्या. कोरी होती ती तिसरी. दुसऱ्या डिस्कवर शाळेची जुनी जनरल रजिस्टरं होती. दाखल झालेल्या प्रत्येक पोराचं नाव, जन्मतारीख, जात, गाव—शाळा सुरू झाल्यापासूनचं. मूळ रजिस्टरं ओल आणि वाळवीनं संपत आली होती, म्हणून ताईंनीच वर्षभर एकेक पान उघडून त्याचे फोटो काढले होते. पुढच्या पावसाळ्यात मूळ पानांचा भुगा झाला. दाखला मागायला कुणी आलं की ताई संगणकातून पान काढून द्यायच्या. दुसरी प्रत नव्हती.

फॉरमॅटची पायरी करायच्या आधी त्यांनी मला फोन केला. मी एसटीत होतो, रेंज येत-जात होती. "नामदेव, चौदाव्या पानावर दुसरी डिस्क लिहिलंयस, आमच्याकडं पण तेच नाव घालायचं ना रे?"

मला विचारायला हवं होतं—तुमच्या दुसऱ्या डिस्कवर काय आहे? एवढाच प्रश्न. पण तो प्रश्न पडायला ते गाळलेलं वाक्य कळलेलं असायला लागतं. मी म्हणालो, "व्हय ताई, लिहिलंय तसंच करा."

त्यांनी तसंच केलं. दोन दिवस त्या डिस्कवर बांधणी चालली. तिसऱ्या दिवशी एक बाई नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी सासऱ्यांची नोंद मागायला आल्या, तेव्हा कळलं. मी ताईंना उभं पीक नांगरायला लावलं होतं. त्यांचंच पीक.

इथपर्यंत चूक म्हणता आली असती. अडाणीपणा म्हणता आला असता. मी पुढं जे केलं त्याला चूक म्हणत नाहीत.

सरांनी सांगितलं, शाळेत जाऊन ताईंच्या वापरातली पुस्तिका घेऊन ये, नेमकं कुठं बिनसलं ते बघू. मी गेलो. ताईंना चौकशी होईपर्यंत घरी थांबायला सांगितलं होतं. पुस्तिका शिपाईमामांनी दिली. परतीच्या गाडीत चौदावं पान उघडलं. प्रत्येक पायरीपुढं गोल आणि टिंब, गोल आणि टिंब. आणि समासात, बारीक अक्षरात: "नामदेवला विचारलं. हो म्हणाला."

भोरला उतरलो. सरळ सरांकडं जायचं, की नाही? स्टँडजवळ एक झेरॉक्सचं दुकान आहे. मूळ इंग्रजी सूचना माझ्या मोबाईलमध्ये होत्या. त्या दुकानात बसून मी ते लांब वाक्य शब्दकोश लावून वाचलं—आणि कळलं बरं का. भीती वाटली की लगेच कळलं. नवं चौदावं पान टाईप केलं. "थांबा. आधी आपली डिस्क कोणती याची खात्री करा." रिकाम्या जागा परत आणल्या. छापलं. पुस्तिकेच्या पिना उचकटून जुनं पान काढलं, नवं घातलं, त्याच भोकांतून पिना पुन्हा दाबल्या.

मग दुकानदाराकडून पेन्सिल मागितली, आणि नव्या पानावर गोल काढले. प्रत्येक पायरीपुढं. आत टिंब. पहिले दोन जमले नाहीत, खोडून पुन्हा काढले. समासातलं वाक्य मात्र नाही लिहिलं.

दुसऱ्याची खूण मी केली. माझ्या पानावर, त्यांची.

दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत सगळे बसलो. सर, शाळेचे मुख्याध्यापक, ताई आणि मी. सरांनी पान वाचलं. "हितं तर स्वच्छ लिहिलंय. थांबा, खात्री करा. आणि पुढं खूणही केलीय तुम्ही. न वाचताच केलीत का ओ?"

ताईंनी पुस्तिका हातात घेतली. पान जवळ धरलं, लांब धरलं. मागचं बघितलं, पुढचं बघितलं. "इथं मी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं होतं…" मग माझ्याकडं वळल्या. रागानं नाही. मदत मागतात तसं. "नामदेव, मी तुला फोन केला होता ना रे? याच पानासाठी?"

मी म्हणालो, "फोन केला होता ताई. पण ते छपाईचं काहीतरी होतं."

हे ते वाक्य. दोन वर्षं झाली, मला त्यातला एकेक शब्द पाठ आहे.

 ताईंनी पुस्तिका नीट मिटून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मग माझंच चुकलं असेल."

मुख्याध्यापक म्हणाले, सोमवारपासून येऊ नका. तालुक्यात सगळीकडं एकच वाक्य फिरलं—बाईंनी वाचलं नाही. बाकीच्या नऊ शाळांच्या आणि सरांच्या कपाटातल्या प्रतीतलं पान मी "सुधारित आवृत्ती" म्हणून बदलून आलो. वार्षिक समारंभात पुस्तिकेसाठी मला शाल आणि नारळ मिळाला. आबा दुसऱ्या रांगेत बसले होते. सगळे थांबल्यावरही ते टाळ्या वाजवत होते.

जुनं पान मी फाडलं नाही. का, ते मला सांगता येत नाही. वहीच्या कव्हरात घालून ठेवलं.

दोन वर्षं मी काय करत होतो? अभ्यास. ताईंविषयी विचारलं नाही. कुणी विषय काढला की मान हलवायची—जुनीच सवय. किकवीच्या पुढं हायवेवरच्या कुठल्याशा कंपनीत पॅकिंगला लागल्यात, एवढं कानावर आलं होतं. बरं झालं, काम तर मिळालं, असं मनाशी म्हटलं. असं मनाशी म्हणणारा माणूस कसा असतो? माझ्यासारखा असतो.

या महिन्यात सरांनी सांगितलं, पुस्तिका वाढवायची आहे, पुन्हा पहिल्यापासून लिहायला घे. घेतली. चौदाव्या पानावर आलो. "थांबा. आधी" एवढं टाईप केलं, आणि पुढचा शब्द लिहिता येईना. मी लोकांना थांबा म्हणणार? खात्री करा म्हणणार? त्या दिवशी ठरलं. हे पान पुन्हा लिहायचं तर आधी जुनं पान बाहेर काढायचं.

शुक्रवारी सरांकडं गेलो. उभ्यानंच सांगितलं. शब्द मागं-पुढं झाले, पण सगळं सांगितलं, गोल आणि टिंबासकट. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.  मग म्हणाले, "शाळेला लेखी दे. मी येतो बरोबर." मी म्हणालो, नको सर, एकटा जातो.

शनिवारी शाळेत गेलो. चार पानी निवेदन, सोबत जुन्या चौदाव्या पानाची झेरॉक्स. मुख्याध्यापकांनी वाचलं. "त्या जागेवर आता दुसरे आहेत," म्हणाले. मी म्हणालो, मला पोचीचा शिक्का द्या. शिक्का घेतला. निवेदनाची एक प्रत सरांनी वाचनालयाच्या फलकावर लावायला घेतली आहे. माझं नाव झाकू नका, असं मीच सांगितलंय.

रविवारी उत्रोलीला. भात झोडून अंगणात वाळत घातलं होतं, ताईंची आई कोंबड्या हाकत बसली होती. "संध्या न्हाई घरात. रविवारची कुठं आस्ती ती? पिशवी घ्येती, मोबाईल घ्येती आन सकाळच्या पहिल्या गाडीनं जाती वेल्ह्याकडं. इचारलं तर म्हन्ती, माझं काम ऱ्हायलंय. तू कोन रं?"

मी नाव सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं. चहा घे म्हणाल्या. मला घेववला नाही. पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यात निवेदन होतं, आणि खरं पान. ते पान ताईंचं आहे. वर पेन्सिलीनं त्यांनी लिहिलेलं त्यांनाच मिळायला हवं होतं, दोन वर्षांपूर्वी.

आता एकच माणूस राहिला होता. उत्रोलीच्या थांब्यावर उभा राहून मी आबांना फोन लावला. गाडी आली तरी चढलो नाही. सगळं सांगितलं. तिनं नाही आबा, म्या पुसलं. आणि तिच्यावर घातलं.

पलीकडं मेंढ्यांचा आवाज येत होता. 

मग आबा म्हणाले, "ती बाई आज आलती की हितं."

मी थांब्यावरच खाली बसलो.

"सकाळी चढून आली वर. म्हणली, साळंतली जुनी रजिस्टरं माझ्या हातनं पुसली गेली बाबा, म्हून ज्याच्या घरात जुना दाखला सापडंल त्याचा फोटू काढती, पुन्यांदा सगळी नावं गोळा करती. दोन सालं झाली म्हनं, दर रविवारी वाड्या-वस्त्या हिंडतीया. माझा चौथीचा दाखला मागितला. म्या पेटी काढली. त्याच पिशवीत तुझं पुस्तक व्हतं. म्हनलं, बाई, ह्ये आमच्या पोरानं लिवलंय, बग."

घरची प्रत. ती बदलायचं माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"तिनं उगडलं," आबा म्हणाले. "मधलं एकच पान काढलं आन लई येळ बगत बसली. च्या गार झाला तिचा. म्या इचारलं, वाचलंया का ह्ये तुमी? तर म्हणली—वाचलंय बाबा. ओळ न्‌ ओळ वाचलीया."